मदत हवी आहे: दुसऱ्याच्या सॉकेटला बसणारे क्लीट विकले तर पेटंटचा भंग होतो का?

नमस्कार मंडळी,

खेळाच्या बुटांचे काढता-घालता येणारे क्लीट (पाय घसरू नये म्हणून तळाला लावायच्या खुंट्या) बनवून अमेरिकेत विकायचा विचार आहे. बूट नाही, नुसते क्लीट. तळातलं सॉकेट दुसऱ्या कंपनीचं, पेटंट घेतलेलं. आमचा क्लीट त्यात घालून फिरवला की कडेचे दात खाचांत अडकतात आणि पळताना तो सैल होत नाही.

आट्यांचे स्टड, म्हणजे फिरवून बसवायचे क्लीट, जुनेच. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनी आदी डासलरचे तसले स्टड लावूनच खेळली. त्यामुळे 'काढता येतो' यावर आता कुणी हक्क सांगू शकत नाही. भांडणं होतात ती अडकवायच्या पद्धतीवरून. मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टातला मॅकनील इंजिनिअरिंग विरुद्ध ट्रायस्पोर्ट खटलाही गोल्फच्या क्लीटवालेच लढत होते.

१९६१ च्या ॲरो खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गाडीच्या दुमडत्या छताचं फाटलेलं कापड बदलणं ही दुरुस्तीच मानली, म्हणजे पेटंटचा भंग नाही. मग झिजलेला क्लीट बदलणंही दुरुस्तीच ना? वकिलाकडे जायचंच आहे, पण त्यांचं मीटर लगेच पडतं, म्हणून आधी इथे.

प्रतिसाद १
ॲरोमध्ये पेटंट अख्ख्या जोडणीवर होतं, कापडावर वेगळं नव्हतं. तुमच्या बाबतीत त्या कंपनीच्या पेटंटमध्ये नुसत्या क्लीटवर क्लेम (नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारं कलम) असेल तर दुरुस्तीचा मुद्दा संपला, कारण ती वस्तू तुम्ही नव्याने बनवताय. आकृत्या बघत बसू नका, क्लेम वाचा. मुदतही बघा: अर्जापासून २० वर्षं, पण मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं. ते चुकवल्यामुळे कितीतरी पेटंटं आधीच बाद होतात.

धागाकर्ता
आभार! पेटंट चालू आहे. क्लेम १ मध्ये सॉकेट आणि क्लीट दोन्ही, क्लेम ९ मध्ये मात्र नुसता क्लीट, 'किमान तीन लवचीक दात' असलेला. आमचे दात ताठ आहेत, वाकते ती सॉकेटची कड. तरी अडकू का?

प्रतिसाद २
शब्दशः नाही, पण 'काम तेच, रीत तीच, परिणाम तोच' असं म्हणून समतुल्यतेचा दावा लावतील, म्हणजे शब्द जुळले नाहीत तरी वस्तू मूलतः तीच असं म्हणतील. पेटंट ऑफिसमधली त्या अर्जाची फाइल ऑनलाइन मिळते, ती काढा. 'लवचीक' हा शब्द परीक्षकाने हरकत घेतल्यावर घातलेला असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या फेस्टो निकालामुळे त्यांना ताठ दातांवर हक्क सांगणं जड जाईल, कारण मंजुरीसाठी सोडून दिलेलं मागून परत मागणं कठीण असतं. मुळापासूनच असेल तर ही ढाल नाही.