ज्या कंपनीच्या नावावर विश्वास टाकला, तिचा तुमचा अनुभव काय?

नमस्कार मंडळी,

परवा जुना लॅपटॉप साफ करत होते तर एक फोल्डर सापडलं. त्यात २००८ ते २०११ मधली माझी सगळी टिपणं, एका नोट्सच्या ॲपमध्ये लिहिलेली. ते ॲप आता नाही, बनवणारी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि वर्षभरात ॲप बंदच करून टाकलं. फाइल दिसतीये, तिची तारीख दिसतीये, आकार दिसतोय, पण कशातच उघडत नाही. तीन वर्षांचं लिखाण समोर असून वाचता येत नाही याचं फार वाईट वाटतंय. विकत घेणाऱ्या कंपनीचं नाव मोठं होतं म्हणून मी तेव्हा उलट निश्चिंत झाले होते, आता आपलं लिखाण सुरक्षित आहे असंच वाटलं होतं.

म्हणून हा धागा. कुठल्या कंपनीचा लोगो, आवाज, सॉफ्टवेअर तुमच्या मनात घर करून आहे? विश्वास कुणी निभावला आणि कुणी मध्येच सोडून दिलं? वाईट अनुभव असेल तर कंपनीचं नाव नका घेऊ, नेमकं काय झालं ते लिहा, वाचणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग आहे.

---

मी चांगल्या आठवणीने सुरुवात करतो. विंडोज एक्सपीच्या डेस्कटॉपवरच्या चित्रातली हिरवी टेकडी आणि निळं आकाश. मला कितीतरी वर्षं ते चित्र कंप्युटरवर काढलेलं आहे असंच वाटायचं. नंतर वाचलं की तो खराखुरा फोटो आहे, चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात सोनोमा भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढलेला. त्या टेकडीवर एरवी द्राक्षवेली असायच्या, कीड पडल्यामुळे त्या काढून टाकल्या होत्या म्हणून तेवढं गवत दिसलं. आणि विंडोज ९५ सुरू होतानाचा आवाज ब्रायन ईनो या संगीतकाराचा! इतका लहान तुकडा हवा होता की त्याने ८४ वेगवेगळे करून पाहिले असं त्यानेच सांगितलंय, आणि ते केले मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कंप्युटरवर.

आणि एक्सपीने साथ पण तशीच दिली. २५ ऑक्टोबर २००१ ला आली, ८ एप्रिल २०१४ पर्यंत तिला मायक्रोसॉफ्टचे अपडेट मिळत होते, म्हणजे साडेबारा वर्षं. शाळेत जिच्यावर माउस धरायला शिकलो तीच सिस्टीम नोकरीत पहिल्या दिवशी समोर होती. इतकी वर्षं एक गोष्ट जागच्या जागी राहिली की माणूस ती मनापासून शिकतो. आता दर दोन वर्षांनी सेटिंगची जागा बदलते आणि आपण पुन्हा शोधत बसतो.

---

माझा अनुभव वाईट आहे, लिहिताना अजून हात जड होतात. नऊ वर्षांचे फोटो एका कंपनीच्या क्लाउडवर होते, मुलगी जन्मली तेव्हापासूनचे. फोन बदलला, त्याच सुमारास नंबरही बदलला, आणि नव्या फोनवर लॉगिन करताना ओटीपी जुन्या नंबरवर जायला लागला जो आता माझा नव्हता. पासवर्ड बरोबर होता! तरी आत जाऊ देईनात. फॉर्म भरला, उत्तर आपोआप आलेलं, परत भरला, परत तेच उत्तर शब्दाला शब्द. सात वेळा. एकदाही माणूस बोलला नाही. जाहिरातीत आजी नातवाला जुने फोटो दाखवत असते आणि खाली लिहिलेलं असतं की तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित. सुरक्षित होत्याच, फक्त माझ्यापासून.

काही फोटो बहिणीच्या फोनमध्ये निघाले, काही मी मेलने पाठवलेले सापडले, बाकी गेले. कृपया सगळ्यांनी आजच खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर आणि मेल तपासा. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून घरात ठेवा. आणि फोटोंची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर हवीच.

---

वाचून खूप वाईट वाटलं. मी लगेच तपासलं, माझ्या रिकव्हरीला चार वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर होता. बदलला. धन्यवाद.

---

मी आयकॉन काढायचं काम करते त्यामुळे ब्रँडिंगबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासाठी सगळ्यात वर सुझन केअर. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशचे आयकॉन तिचे, चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरून काढलेले, ३२ बाय ३२ ठिपक्यांत फक्त काळा आणि पांढरा. कचऱ्याचा डबा, हसणारा कंप्युटर, बघताक्षणी कळतं काय आहे ते. मॅकच्या कमांड बटणावरचं ते चार कोपऱ्यांना वेटोळी असलेलं चिन्हही तिनेच निवडलं, स्वीडनमध्ये प्रेक्षणीय जागेच्या पाटीवर असतं ते. आधी त्या जागी ॲपलचाच लोगो ठेवायचा विचार होता, पण मेन्यूभर लोगोच लोगो दिसायला लागले म्हणून स्टीव्ह जॉब्जने तो काढायला लावला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. स्वतःचा लोगो कमी दाखवा म्हणणारा मालक कुठे मिळतो!

आता उलटं झालंय. मी एका कंपनीसाठी काम केलं, तिथे सहा ॲप होती आणि वरून सांगितलं की सगळ्यांचे रंग एकच हवेत, आकारही जवळपास सारखे, म्हणजे एका कुटुंबातली वाटली पाहिजेत. मी टेस्ट घेतली, लोक कॅलेंडर उघडायला जाऊन मेल उघडत होते, वयस्कर माणसं तर सरळ नाव वाचत बसत होती. रिपोर्ट दिला, पण लाँचची तारीख ठरलेली होती. आयकॉन आधी वापरणाऱ्याचा असतो, मग कंपनीचा, हे मी आजही प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते.

---

दुसरी बाजू पण येऊ दे. जुनं सॉफ्टवेअर सांभाळायच्या टीममध्ये मी पंधरा वर्षं आहे. बाहेरून वाटतं की चालू असलेली गोष्ट बंद कशाला करायची, नुसती चालू ठेवायला काय जातं. पण नुसती चालू राहत नाही हो. ती ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडवर, उभी असते तिच्यात सुरक्षेचं भोक सापडतं, ते बुजवायला लायब्ररी नवी घ्यावी लागते, नवी घेतली की निम्मं ॲप मोडतं, आणि ते लिहिणारा माणूस कधीच दुसरीकडे गेलेला असतो. हे काम कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही आणि त्यासाठी कुणाला बढती मिळत नाही, मिळते नवीन काही काढलं की. एकाच कंपनीची तीन तीन चॅट ॲप निघतात आणि दोन बंद होतात त्याचं मूळ इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं जपणारेही आहेत. विंडोज ९५ च्या वेळचा सिमसिटी गेमचा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. गेममध्ये चूक होती, सोडून दिलेली मेमरी तो परत वाचायचा. जुन्या विंडोजवर ते खपून जायचं, नव्यावर गेम कोसळायचा. तर मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोजमध्येच सोय केली की सिमसिटी चालू असेल तर मेमरी जरा वेगळ्या पद्धतीने सांभाळायची. चूक दुसऱ्याची, निस्तरली यांनी, कारण गेम चालला नाही तर लोक नव्या विंडोजला नावं ठेवणार. ब्रँड जपणं म्हणजे माझ्या लेखी हे.

---

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. आमच्यासाठी लोगोचा रंग काय, आयकॉन गोल का चौकोनी, याला अर्थ नाही. बटणाला नाव दिलंय का एवढंच बघतो. नाव नसेल तर कानात नुसतं "बटण, बटण, बटण" येतं.

दोन नावं मुद्दाम घेतो कारण त्यांच्यामुळे मी स्वतंत्रपणे काम करू शकतो. एनव्हीडीए, हा विंडोजवरचा मोफत आणि मुक्त स्रोत स्क्रीन रीडर, मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केला, नंतर जेम्स टेह सोबत आला, तोही अंध. त्याआधी बरेचसे स्क्रीन रीडर कंप्युटरपेक्षा महाग असायचे. आणि दुसरं व्हॉइसओव्हर, ॲपलचा स्क्रीन रीडर. ॲपलने २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये ते फोनसोबतच दिलं. सपाट काच, एकही बटण हाताला लागत नाही, अशा फोनवर आम्ही काय करणार असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. पहिल्यांदा बोट फिरवलं आणि फोन एकेक नाव वाचायला लागला तो दिवस विसरणार नाही.

वाईट अनुभव एका पैशांच्या ॲपचा. मी दोन वर्षं सगळे व्यवहार स्वतः करत होतो, कुणाला पिन सांगावा लागत नव्हता. एका सकाळी अपडेट आलं, नवा लोगो, नवं रूप, आणि सगळ्या बटणांची नावं गायब. परत भावाला पिन सांगून पैसे पाठवायची वेळ आली. तक्रार केली, पाच महिन्यांनी नीट झालं. ज्याने कुणी ते रूप बदललं त्याने एकदा डोळे मिटून ॲप चालवून बघितलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते.

---

वरचा प्रतिसाद मी आमच्या टीमला वाचून दाखवला. बटणांची नावं तपासायची वेगळी पायरी आता यादीत आहे.

---

नावाबद्दल एक. लोगो तोच राहतो पण मागचा मालक बदललेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. नोकियाचंच बघा. ती धून फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश संगीतकाराच्या १९०२ च्या गिटारच्या रचनेतली, फोनसकट सगळ्यांच्या डोक्यात बसलेली. २०११ मध्ये कंपनी विंडोज फोनकडे वळली, २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि पुढे नोकिया नावाचे फोन एचएमडी ग्लोबल ही वेगळीच कंपनी परवान्यावर काढायला लागली. थिंकपॅड लॅपटॉपचंही तसंच, १९९२ मध्ये आयबीएमने आणला, २००५ पासून लेनोव्होचा. तिथे मात्र कीबोर्डच्या मधली लाल घुंडी नव्या मालकाने जपली आणि माझ्यासारखे तिच्यासाठीच घेत राहिले. म्हणून आता काही घेताना मी नावाआधी बघतो की बनवतंय कोण आणि अपडेट किती वर्षं देणार म्हणून लिहून दिलंय.

---

बॅटरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं, आणि फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला तो न सांगितल्याबद्दलच. २०१७ च्या त्या कबुलीनंतर, २०१८ मध्येच, बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसायला लागली. माझा फोन वेगळ्याच कंपनीचा, तोही असाच रडतखडत चालत होता, नवा घ्यायच्या बेतात होते, नुसती बॅटरी बदलली आणि पुढे तीन वर्षं चालला.

---

ऑर्कुट! गूगलची सोशल साइट, जानेवारी २००४ ते ३० सप्टेंबर २०१४. बनवणाऱ्या इंजिनिअरचंच नाव साइटला, ऑर्कुट ब्युक्कोक्तेन. माझे स्क्रॅप, मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल, सगळं बंद व्हायच्या आधी मी गूगल टेकआउटमधून उतरवून घेतलं. टेकआउट २०११ पासून आहे, लोकांना आपला डेटा घेऊन बाहेर पडता यावं म्हणून गूगलच्याच आतल्या एका टीमने ते केलं, आणि याबद्दल मी त्यांना मनापासून मानतो. बंद करायचं असेल तर दार उघडं ठेवून आणि महिनाभर आधी सांगून बंद करा, एवढंच माणसाचं म्हणणं असतं. युरोपात आपला डेटा घेऊन बाहेर पडणं हा २५ मे २०१८ पासून कायद्याने हक्क आहे, जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात.

---

धागाकर्तीसाठी. तुमच्या त्या फाइलची एक प्रत करा (मूळ फाइलला हात लावू नका) आणि प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पुष्कळसा कचरा दिसेल, घाबरू नका, फक्त अगदी सुरुवातीचे शब्द बघा. तिथे "एसक्यूलाइट फॉरमॅट ३" असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर काम झालं. त्या काळातली बरीच ॲप आतून हाच डेटाबेस वापरायची, आणि तो उघडायला मोफत डेटाबेस ब्राउझर (इंटरनेटचा नव्हे, डेटाबेस उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) मिळतो. एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलं, पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल असं, दिलं, आणि २०५० पर्यंत सांभाळायचं असं टीमने जाहीर करून ठेवलंय. तुमच्या फोनमध्ये आत्ता शेकडो फाइल याच प्रकारच्या असतील आणि लोगो कुणी पाहिलेला नसेल.

---

आहे!! पहिल्याच ओळीत तेच शब्द आहेत. ब्राउझर उतरवून घेतला, एका टेबलात ६१२ ओळी दिसतायत, तारखांसकट. काही ठिकाणी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आलेत पण बहुतेक सगळं वाचता येतंय. २००९ मधलं बाबांनी तोंडी सांगितलेलं एक टिपण वर आलंय, ते मी लिहून घेतलं होतं हेच विसरले होते. आज रात्री बसून सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढते. चौकोन झालेल्या अक्षरांचं काय करायचं ते कुणाला माहीत असेल तर सांगा.