गाळ्याच्या आतील नळ-फ्लशची अट भाडेकरारात कशी बांधावी?

प्रश्न
इमारतीचा सांगाडा व सामाईक स्वच्छतागृहे आम्ही बांधून देणार आहोत. गाळ्यांच्या आतील स्वच्छतागृहे मात्र भाडेकरू स्वतः करून घेतील. लीड या हरित इमारतींच्या मानांकनातील ‘कोअर अँड शेल’ (केवळ सांगाडा व सामाईक भाग मालकाने बांधण्याच्या) प्रकारासाठी पाण्याची बचत मोजताना ही आतील साधनेही हिशोबात धरायची आहेत. भाडेकरूंना देण्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तसे नमूद केल्यास पुरेसे होईल का?

प्रतिसाद १
होणार नाही. पुस्तिका ही केवळ शिफारस असते; जी बचत आपण हिशोबात धरता, तिचे बंधन स्वाक्षरी झालेल्या करारातच असावे लागते. तेथेही ‘पाणी वाचवणारी साधने वापरावीत’ असे मोघम वाक्य न लिहिता आकडे लिहावेत. आधारमान, म्हणजे ज्याच्या तुलनेत बचत मोजतात तो वापर, फ्लशला ६ लिटर, युरिनलला ३.८ लिटर आणि सार्वजनिक स्वच्छतागृहातील नळाला मिनिटाला १.९ लिटर असे असून एकूण किमान २० टक्के बचत ही पूर्वअट आहे. फ्लशला ४.८ लिटरची मर्यादा घातली की तेवढ्यापुरती २० टक्के बचत साधते. पण नळ व युरिनल आधारमानावरच राहिले तर एकूण आकडा २० टक्क्यांच्या खाली घसरतो, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. नळाचा प्रवाह पाण्याच्या दाबानुसार बदलतो, म्हणून तो कोणत्या दाबाला मोजायचा हेही करारात लिहावे. काम सुरू होण्यापूर्वी साधनांची यादी मालकाकडून मंजूर करून घेणे, पुढे साधन बदलल्यास तीच मर्यादा पाळणे आणि पोटभाडेकरूवरही ती लागू असणे, ही कलमे माझ्या मते आकड्यांइतकीच महत्त्वाची आहेत. कारण धार बारीक वाटली की एरेटर (नळाच्या तोंडाची प्रवाह कमी करणारी जाळी) काढून ठेवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पाण्याचे बिल भाड्यातच धरले असेल, तर भाडेकरूला बचतीची फिकीर उरत नाही. प्रत्येक गाळ्याला वेगळे मीटर बसवणे त्यासाठी बरे. भांडी किंवा बादल्या भरण्याच्या नळाला मात्र ही मर्यादा घालू नये. तेथे प्रवाह कमी केल्याने वेळ वाढतो, पाणी तेवढेच लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दोन भाडेकरूंशी करार आधीच झालेले आहेत. त्यांचे काय करावे?

प्रतिसाद १
त्यांची संमती असल्यास पुरवणी करार करावा. ती न मिळाल्यास त्या गाळ्यांतील साधने आधारमानानेच धरावीत. तेथून बचत मिळणार नाही, त्यामुळे सामाईक स्वच्छतागृहांतील मर्यादा अधिक कडक ठेवून एकूण हिशोब आताच पुन्हा मांडावा.