मदत हवी आहे: क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या झडीत डब्यातच पिवळ्या पडल्या

वरूड तालुक्यात आमचं संत्र्याचं छोटं पॅकिंग शेड आहे. क्रेट, ब्रश आणि धुण्याचा हौद आजवर ब्लिचिंग पावडरनंच साफ करत आलो. पण विहिरीचं पाणी क्षारी, पीएच 8 च्या वर. त्यात पाला-माती पडली की क्लोरीनचा जोरच राहत नाही. क्लोरीन डायऑक्साइड हा जंतू मारणारा वायू पाण्यात विरघळवून वापरतात, त्याला पीएचचा एवढा फरक पडत नाही, म्हणून तिकडे वळलो. हा वायू साठवता येत नाही, हवेत 10 टक्क्यांच्या वर गेला तर स्फोट होऊ शकतो. त्यामुळे पाण्यात टाकल्यावरच तयार होणारी गोळी सोयीची वाटली.

वहिनीचा बचत गट फिनाइल करतो, त्यांनीच हौसेनं हे काम घेतलं. सोडियम क्लोराइट (ॲसिड लागलं की यातूनच तो वायू निघतो) आणि सायट्रिक ॲसिड कोरडेच एकत्र दाबून थोड्या गोळ्या केल्या. मे महिन्यात एकदम कडक राहिल्या. ऑगस्टात चार दिवस झड लागली आणि डबा उघडला तर आत पिवळट वाफ, उग्र वास. वहिनी दिवसभर खोकत होती. कामाच्या जागी या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं 0.1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) आहे, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. तेव्हापासून काम बंद आहे; त्या बायांना पुन्हा त्या खोलीत बसवायची माझी तयारी नाही.

मला समजलं ते असं, की ॲसिड हवेतला ओलावा ओढतं आणि गोळीतच क्रिया सुरू होते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. मग दोन्ही घटक वेगवेगळ्या फॉइलमध्ये ठेवायचे का? पण शेडवरच्या पोरानं दोन्ही कोरडेच एका मगात ओतले तर?

दुसरं, कोरड्या सोडियम क्लोराइटला साखर, स्टार्च, बारदाना, काहीही सेंद्रिय लागलं तर आगीचा धोका. सायट्रिक ॲसिडही सेंद्रियच, हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. त्याजागी सोडियम बायसल्फेट (सेंद्रिय नसलेला आम्लधर्मी क्षार) चालेल का, आणि गोळी बांधून ठेवायला काय वापरतात?

हौदातलं प्रमाण कसं मोजता? ग्रामपंचायतीच्या ओटी किटमध्ये (पाण्यातला क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडीन) रंग पिवळा येतो, पण त्यात साधा क्लोरीन किती आणि क्लोरीन डायऑक्साइड किती ते कळत नाही. डीपीडीत (क्लोरीन मोजायचं दुसरं, गुलाबी रंग देणारं रसायन) साधा क्लोरीन बाजूला काढायला ग्लायसीन घालून कोणी मोजलंय का?

या उत्पादनात काम केलेल्यांनी स्पष्ट सांगावं. गावपातळीवर होण्यासारखं नसेल तर तयार गोळ्या विकत घेऊ. आंबिया बहराची फळं ऑक्टोबरपासून शेडवर येतील, त्याआधी ठरवायचं आहे.