सफाईच्या तक्त्यावरची सही पुरेशी आहे का?

वॉर्ड_सिस्टर:
आमच्या वॉर्डातला सफाईचा तक्ता रोज भरलेला असतो. वेळ, सही, सगळं जागच्या जागी. मागच्या महिन्यात एका खोलीत दहा जागी डोळ्यांना न दिसणारं फ्लुरोसंट जेल लावलं. रुग्ण घरी गेला, सफाई झाली, मग अतिनील टॉर्च मारला. फरशी, संडास स्वच्छ. पण कॉल बेलच्या बटणावर आणि खाटेच्या कठड्याच्या आतल्या बाजूला ठिपके जसेच्या तसे चमकत होते. नव्या रुग्णाचा हात आधी तिथेच जाणार! अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत अशीच तपासणी झाली (२००८ साली प्रसिद्ध), तेव्हा सुरुवातीला निम्म्याहून कमी जागा पुसलेल्या निघाल्या. सहीवर भागवू नका, नियमित जेल लावा.

जुना_मुकादम:
साफ असहमत. मी होतो तिथे ठिपका राहिला की पगार कापायचे. आठवड्याभरात ठिपक्यांच्या जागा पाठ झाल्या, तेवढ्याच पुसल्या जाऊ लागल्या. एका बाईला अख्ख्या खोलीसाठी दहा मिनिटं. काही जंतुनाशकं लावल्यावर जंतू मरायला पृष्ठभाग तेवढी मिनिटं नुसता ओलाच ठेवावा लागतो! आधी माणसं वाढवा.

लॅबमधून:
ठिपका गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. अल्कोहोलच्या फडक्यानेही तो जाईल, पण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जीवाणूचे बीजाणू (त्याची टणक कवचातली सुप्त रूपं) तिथेच राहतील. त्यांना क्लोरीनसारखं बीजाणू मारणारं रसायन लागतं. एटीपी मीटर, म्हणजे सजीव पेशींतला एटीपी हा रेणू मोजणारं यंत्र, लगेच आकडा देतो (काजव्याला उजळवणारी रासायनिक क्रियाच त्यात वापरतात), पण सांडलेलं अन्न आणि रक्तही तो मोजतो, विषाणू मात्र मोजत नाही. क्लोरीनचा अंश राहिला तरी आकडा चुकतो. कुठलंही एकच माप धरून बसू नका.

वॉर्ड_सिस्टर:
मुकादमसाहेब, पगार कापणं चूकच. पण मोजलंच नाही तर वेळ कमी पडतो हे वरच्यांना पटवणार कसं? आमच्याकडे कॉल बेल कुणी पुसायची हेच ठरलेलं नव्हतं. आम्हाला वाटे सफाईवाल्यांनी. त्यांना वाटे, विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. हे टॉर्चमुळे कळलं, तक्त्यावर तर रोज सही होती.

जुना_मुकादम:
बेलचं पटलं. मग टॉर्च मारताना त्या बाईला शेजारी उभं करा, राहिलेला ठिपका तिला तिथल्या तिथे दाखवा आणि तिचं नाव कुठेही लिहू नका. एवढं लेखी मिळेपर्यंत माझा विरोध कायम.