कोजागिरीचं दूध आणि आप्पांचा दमा

सेक्रेटरी, सकाळी 7.10
नमस्कार. रात्री अडीचला ए-104 च्या आप्पांना दम लागला, दवाखान्यात न्यावं लागलं. नेब्युलायझर दिल्यावर बरं आहे. दुपारपर्यंत घरी येतील. भेटायला सगळ्यांनी एकदम जाऊ नका. कोजागिरीची वर्गणी ज्यांची राहिलीय त्यांनी आज द्यावी.

ए-203 काकू, 7.18
अरे देवा. परवाच गच्चीवर बोलत बसले होते. वहिनी, आता त्यांचं दही, ताक, केळी, भात एकदम बंद करा. सगळं कफाचं. माझ्या सासऱ्यांनी दम्यापायी दहा वर्षं दह्याला बोट लावलं नाही.

सी-402, 7.25
दूध पण बंद करा की ओ. दुधानं कफ होतोय म्हणतात आमच्याकडं सगळे.

ए-203 काकू, 7.27
आणि कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात, तिथं घेऊन जाऊया आप्पांना. रात्रभर जागायचं आणि पहाटे चालायचं. नाहीतर मृगाला हैदराबादला औषध घातलेली जिवंत मासळी गिळायला देतात, ती आहेच.

बी-301 बाई, 8.02
शाळेला निघायच्या आधी लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

मला दमा 38 व्या वर्षी लागला, आता 51 ची आहे. पहिली दोन वर्षं मी हेच केलं. कुणी दही म्हणालं, दही सोडलं. कुणी केळी म्हणालं, केळी सोडली. मग पेरू, काकडी, लिंबू, दूध, भात. शेवटी ताटात भाकरी, पिठलं आणि दिवसातून चार वेळा चहा-बिस्किट एवढंच राहिलं. दम कमी झाला नाही. जिना चढताना पाय लटपटायला लागले ते वेगळंच.

दुधानं छातीत कफ वाढतो हे तपासून पाहिलेलं आहे, तसं काही आढळलेलं नाही. दूध आणि लाळ तोंडात मिसळली की जाडसर होतं, घशाला चिकटल्यासारखं लागतं, म्हणून आपल्याला कफ वाटतो. एखाद्याला दुधाची खरीच ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती तपासून ठरवायची. ग्रुपवर ठरवायची नव्हे.

उलट फळं-भाज्या काढून घेतल्या तर काय होतं ते ऐका. ऑस्ट्रेलियात दमा असलेल्या 137 मोठ्या माणसांवर एक प्रयोग झाला, 2012 साली छापून आला. काहींना रोज पाच वेळच्या भाज्या आणि दोन फळं, बाकीच्यांना भाजी दोन वेळच्या वर नाही आणि फळ एकच. ज्यांचं कमी केलं त्यांचा दमा उसळण्याची शक्यता दुसऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. भाजीऐवजी टोमॅटोतल्या सत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. आणि आपण दमेकऱ्याच्या ताटातून पहिलं काय उचलतो? फळंच. कडोली-उचगावची ताजी भाजी रोज गावात येते, आणि आप्पांनी बिस्किटावर राहायचं? मला हे बघवत नाही.

मेडिकलवाले काका (बी-102), 8.20
बाईंचं बरोबर आहे. फ्रान्समध्येही 2018 साली सुमारे 35 हजार लोकांच्या खाण्याची माहिती घेऊन पाहिलं होतं. ज्यांचं जेवण चांगलं, म्हणजे फळं, भाज्या, अख्खं धान्य जास्त आणि मांस, मीठ, साखर कमी, त्यांच्यात दम्याची लक्षणं पुरुषांमध्ये साधारण 30 टक्के आणि बायकांमध्ये 20 टक्के कमी होती. ती नुसती पाहणी होती, त्यावरून जेवणानं दमा बरा होतो असं कुणी म्हणू नये. पण आपली जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी त्याच बाजूची आहे.

सी-402, 8.24
मग काही सोडायचंच नाही का काका? बाई, तुम्ही लग्नात बेदाणे बाजूला काढता, मी बघितलंय.

बी-301 बाई, दुपारी 1.35
आत्ता मधल्या सुट्टीत बघितलं. हो, बेदाणे काढते, आणि ते ऐकीव नाही, वहीत लिहून सापडलेलं आहे.

डॉक्टरांनी मला पीक फ्लो मीटर घ्यायला लावला. साधी नळी असते, जोरात फुंकायचं आणि आकडा वाचायचा; श्वास अडला की आकडा उतरतो. शाळेच्या रेघी वहीत मी तीन रकाने पाडले: काय खाल्लं, किती वाजता, आकडा किती. दही-भाताच्या दिवशी आकडा हलला नाही. केळ्यानं हलला नाही. मग खानापूरला भाच्याचं लग्न होतं. पंगतीची वाट बघत मूठभर बेदाणे तोंडात टाकले, ते पिवळे, काचेसारखे चमकणारे. पंधरा मिनिटांत छातीला दोरी आवळल्यासारखं झालं. पर्समधली नळी काढून फुंकलं, सकाळी 380 होता तो 240. जिन्याखाली बसून पंप घेतला. त्या दिवशी दही मी खाल्लंच नव्हतं. पुढं संक्रांतीला पिवळ्याधमक गुळाच्या वड्या खाल्ल्या आणि पुन्हा तेच.

मेडिकलवाले काका, 1.50
बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. गुऱ्हाळात गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस टाकतात, त्यातूनही गंधकाचा अंश राहतो. याला सल्फाइट म्हणतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि काहींच्या श्वासनळ्या आवळतात. सगळ्या दमेकऱ्यांना नाही, शंभरात तीन ते दहा जणांना. सरबताच्या बाटल्यांवर बारीक अक्षरात 220 ते 228 मधला आकडा असतो, तेच ते. काळ्या मनुकांना सहसा धुरी देत नाहीत. गूळ घ्यायचा तर काळसर घ्या.

ए-203 काकू, 2.05
अगंबाई! मी तर पिवळा दिसला की चांगला म्हणून निवडून आणते.

ए-104 वहिनी, 4.40
आप्पा घरी आलेत, झोपलेत. सगळ्यांचे आभार. एक सांगू का, काल त्यांनी दही खाल्लंच नव्हतं. निपाणीला आत्त्यांकडं जेवण होतं. परत यायला उशीर झाला म्हणून डबा बांधून आणला आणि अकराला इथं बसून मटण-भात जेवले, तांबडा रस्सा दोनदा घेतला. लगेच आडवे झाले. अडीचला उठले ते घसा जळजळतोय म्हणतच उठले, आणि मग दम.

आणि पंप त्यांनी दहा दिवसांपासून बंद केलाय. आम्हाला माहीत नव्हतं. कपाटात तसाच ठेवलेला सापडला. सवय लागते असं कुणीतरी सांगितलं म्हणे.

मेडिकलवाले काका, 4.48
वहिनी, हेच डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. भरपेट जेवून आडवं झालं की पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं. तिथली आणि श्वासनळीची नस एकच, तिला टोचलं की नळ्या आवळतात. थेंबभर श्वासनळीत उतरलं तर आणखी त्रास. जेवण आणि झोप यात तीन तास तरी हवेत, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करा. तेलकट जेवणाचाही वाटा असतो. दमेकऱ्यांना बर्गर आणि तळलेला बटाटा खायला देऊन चार तासांनी तपासलं, तेव्हा श्वासनळीची सूज वाढलेली आणि पंपाचा असर कमी झालेला दिसला होता.

पंपाची सवय लागत नाही. सूज कमी करणाऱ्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट छातीत जातं. घेतल्यावर चूळ भरायची, एवढंच पथ्य. तो सोडून नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, हे जगभरच्या तज्ज्ञांनी 2019 पासून स्पष्ट सांगितलंय. आणि काकू, राग मानू नका. दम्याच्या ज्या पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवस बरं वाटतं ते त्याच्यामुळं.

ए-203 काकू, 5.02
राग कसला. सासरे दरवर्षी त्या खिरीच्या औषधाला जायचे, आम्हाला आशा वाटायची. पंप त्यांनी कधी हातात धरला नाही. शेवटची दोन वर्षं बसून झोपायचे, पाठीला उशा लावून. हे सगळं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बी-301 बाई, 5.10
काकू, संध्याकाळी येते तुमच्याकडं.

वहिनी, वजनाचंही डॉक्टरांना विचारा. पोट मोठं असलं की छाती पुरती फुगत नाही, आणि चरबीमुळं अंगात सूजही राहते. माझं 78 होतं, आठ महिन्यांत 72 वर आलं. रात्रीचं जेवण साडेसातला आणि रेल्वेच्या पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत चालणं, दुसरं काही केलं नाही. शाळेचा तिसरा मजला आता न थांबता चढते. पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी दम्यात फरक पडतो. उपाशी मात्र ठेवू नका आप्पांना.

सी-402, 5.15
आलं घालून चहा चालतो काय ओ?

मेडिकलवाले काका, 5.17
चालतो. चहा-कॉफीतल्या कॅफीननं नळ्या थोड्या मोकळ्या होतात, दोन-चार तास. पण औषध म्हणून धरू नका, आणि जळजळ असेल तर कमीच.

सेक्रेटरी, 6.30
मग कोजागिरीचं ठरवूया. दरवर्षी आपण बारा वाजता गच्चीवर दूध देतो. आप्पा नसतील तर मजा नाही, गाणी तेच म्हणतात.

बी-301 बाई, 6.41
गच्चीवर बाराला दव असतं, थंड हवा छातीला लागते. वहिनी, डॉक्टर हो म्हणाले तर खाली पार्किंगमध्ये साडेआठला करूया? दूध सगळ्यांना द्या, आप्पांनाही, अर्धा पेला. बदाम, चारोळी, केशर घाला. बेदाणे नकोत.

ए-203 काकू, 6.44
दूध मी आटवते. सात लिटर पुरेल का?

सेक्रेटरी, 6.50
आठ घ्या काकू, पाहुणे असतात. चंद्र बघायचाय त्यांनी बारापर्यंत गच्चीवर बसावं, कुलूप उघडं ठेवतो.

ए-104 वहिनी, 7.20
आप्पा उठले. त्यांना वाचून दाखवलं सगळं. म्हणाले, दूध देताय हे ऐकून बरं वाटलं, मला वाटलं आता भाकरीवर ठेवणार. पंप कसा ओढायचा ते मेडिकलवाल्या काकांनी एकदा समोर बसून दाखवावं असं म्हणतायत. आजवर तोंडात मारून लगेच सोडत होते.

मेडिकलवाले काका, 7.24
उद्या सकाळी साडेसातला येतो. पंपाला जोडायची स्पेसरची नळी घेऊन येतो. नाश्ता झालेला असू दे, आणि दोन्ही पंप बाहेर काढून ठेवा.