मदत हवी आहे: फाइलसिस्टिम मॉड्यूलसाठी वेगळी स्लॅब कॅश करावी का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. शिकण्यासाठी लिनक्सची एक छोटी फाइलसिस्टिम लिहितो आहे. प्रत्येक उघड्या फाइलमागे ६०० बाइटचं एक स्ट्रक्चर लागतं आणि ते मी सरळ केमॅलॉकने (कर्नलमधलं मेमरी देणारं नेहमीचं फंक्शन) घेतो. पण केमॅलॉकचे ठरलेले साचे ५१२ नंतर थेट १०२४, म्हणजे दरवेळी ४२४ बाइट वाया. लाखभर ऑब्जेक्ट झाले की चाळीस एमबी पाण्यात! स्लॅबइन्फोत (कर्नलच्या स्लॅब कॅशची आकडेवारी दाखवणारी फाइल) १०२४ ची ओळ फुगलेली स्पष्ट दिसते.

केमेम कॅश क्रिएट वापरून स्वतःची स्लॅब कॅश, म्हणजे एकाच मापाच्या ऑब्जेक्टसाठी राखलेला मेमरीचा साठा केला, तर ४ केबीच्या एका पानात चारऐवजी सहा बसतील. इथवर ठीक. पण रिक्लेम अकाउंटचा फ्लॅग (या कॅशमधली मेमरी परत घेता येते असं सांगणारी खूण) लावला तरी तो फक्त हिशेबापुरता आणि पानांच्या गटवारीपुरता; प्रत्यक्ष जागा मोकळी करायला श्रिंकर (मेमरी कमी पडली की कर्नल बोलावतो ते सफाईचं फंक्शन) लागतोच ना? की हे स्ट्रक्चर आयनोडमध्येच (फाइलची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर) गुंफून ते काम व्हीएफएसवर (सगळ्या फाइलसिस्टिमांवरचा कर्नलचा सामाईक थर) सोपवावं? माझा कल याच बाजूला आहे.

दुसरी अडचण जास्त छळते. मेमरी मागताना कर्नलने जागा मोकळी करायला पुन्हा फाइलसिस्टिममध्येच शिरून अडकू नये, म्हणून सगळीकडे जीएफपी नोएफएस हा फ्लॅग पेरण्यापेक्षा ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला मेमॅलॉक नोएफएस सेव्ह आणि शेवटी रिस्टोअर करणं मला पटतं. ही सोय कर्नल ४.१२ पासून आहे. पण सेव्हने लागणारी खूण चालू टास्कला चिकटते. मग वर्कक्यूवर (नंतर वेगळ्या थ्रेडमध्ये चालणाऱ्या कामांची रांग) ढकललेल्या कामात ती पुन्हा लावायची का? तुम्ही काय करता?

इंदूरचं कोणी कोड बघायला तयार असेल तर सराफ्यात भेटू, भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.