मदत हवी आहे: थोरेन्स टर्नटेबलला रेगाचा आर्म, बोर्ड ठाण्यात कोण कापून देईल?

नमस्कार मंडळी. काकांचा थोरेन्स टीडी १६० माझ्याकडे आला आहे, मोटर आणि बेल्ट ठणठणीत. त्यावर रेगा आरबी२५० हा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) बसवायचा आहे. अडचण बोर्डाची, म्हणजे आर्म ज्या फळीवर बसतो तिची आहे. त्यावर पूर्वी एसएमई कंपनीचा आर्म होता, म्हणून लांबट खाच कापलेली आहे. एसएमई त्या खाचेत पुढे-मागे सरकतो. रेगाला मात्र एकच गोल भोक लागतं, आणि स्पिंडलच्या (रेकॉर्ड अडकवतो त्या खुंटीच्या) मध्यापासून पिव्हटपर्यंत (आर्म ज्यावर फिरतो त्या बिंदूपर्यंत) बरोबर २२२ मिमी अंतर. हेडशेलच्या (आर्मच्या टोकाच्या) खाचांमध्ये सुईचं कार्ट्रिज थोडं सरकवता येतं, पण भोकच चुकलं तर किती सांभाळून घेणार? अंतर चुकलं की एलपीच्या शेवटी द्रुतातल्या ताना फाटायला लागतात आणि नेमका तोच भाग मला स्वच्छ ऐकायचा आहे.

त्यामुळे नवीन बोर्डच करावा म्हणतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेकडे एखादाच नग सीएनसीवर कापून देणारं कोणी माहीत आहे का? मोठ्या ऑर्डरशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

दुसरं, मटेरियल कोणतं घ्यावं? टीडी १६० चा सबचासी (थाळी आणि आर्म पेलणारी आतली चौकट) तीन स्प्रिंगांवर तरंगतो, म्हणून ॲल्युमिनियमचं वजन मला धोक्याचं वाटतं. मरीन प्लाय बरा की ॲक्रिलिक? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी बोर्डाची जाडीही कृपया सांगा.